मस्तगडचं नवं वाण

दोन पानांवर रोप ओळखणारा माणूस जालन्यात एकच, आणि तो मी! बियाणे कंपनीत अठ्ठावीस वर्षं कापसाच्या प्लॉटवर सुपरवायझर होतो. सरीत कापूस सोडून दुसरं काहीही उगवलं, की दुसऱ्या पानालाच ते उपटलेलं असायचं.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं पावसाळाभर मुलीकडे राहून मस्तगडच्या घरी परतलो, तर मागे मोरीच्या पाण्यावर एक अनोळखी झाड कमरेएवढं झालेलं. पान बदामी आकाराचं, मखमलीसारखं मऊ. मी चक्रावलो.

"काय हाय हे?" बायकोनं, म्हणजे अंजूनं विचारलं.

"सांगतो."

"कव्हा? मला तिथं कढीपत्ता लावायचाय. रविवारपर्यंत नाव सांगा, न्हाई तर उपटून टाकते."

मी रोज दोन बादल्या पाणी घालत झाडाकडे टक लावून बसलो. शनिवारी ऊन कलताना त्यावर फूल उमललं, पिवळंधमक. अंगावर काटाच आला. खरं सांगतो, आयुष्यभर मी फुलं मोजली होती, उमलताना कधी पाहिली नव्हती. त्या भरात बोलून गेलो, "कापसाचंच भावंड दिसतंय. नवं वाण असणार."

शेजारच्या निजामोद्दीनभाईंना एवढं पुरलं. त्यांचं शिलाईचं दुकान म्हणजे गल्लीचं आकाशवाणी केंद्र. "साहेबांच्या मोरीवर कापसाचं नवं वाण निघालं, बिलकुल फवारणी लागत न्हाई!" फवारणीचं त्यांनी पदरचं घातलं. रविवारी दुपारी मोरीभोवती पंधरा माणसं जमली. एकजण बियाणं बुक करायला आधार कार्ड घेऊन आला होता.

"नाव?" अंजूनं विचारलं.

"तपासणी चालू आहे," मी म्हणालो.

तेवढ्यात तीर्थपुरीहून साखराबाई आली, नातीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. माझ्या प्लॉटवरची सर्वांत जुनी बाई. निंदणीत तिचा हात कोणी धरू शकत नसे.

"साहेब, गर्दी कशाची हो?"

"हे झाड बघून राह्यले," मी म्हणालो.

"ही तर पेटारी हाय."

"पेटारी अशी असते?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"मंग? दोन पानं आली का तुमी म्हणायचे, साखराबाई, उपट. फूल येईस्तोवर ठिवली कव्हा तिला?"

सगळे हसले, अंजू सर्वांत जास्त. आधार कार्डवाला हळूच सटकला. मला मात्र लाज वाटायलाही सवड नव्हती. लाखभर पेटाऱ्या उपटल्या असतील मी, आणि वाढू दिली तर ती इतकी देखणी होते हे मला आत्ता कळत होतं. शिवाय नाव मिळालं होतं आणि रविवार संपला नव्हता. झाड वाचलं!

"अंजू, हे आता इथंच राहणार," असं सांगायला मी वळलो.

इकडे साखराबाईनं पदर खोचला. "मी असताना साहेबांच्या दारात तण?" म्हणत तिनं बुंध्याला हिसका दिला. माझ्या पाण्यानं माती लोण्यासारखी झालेली. अख्खी पेटारी फुलासकट वर आली.

ती माझ्या हातात देऊन साखराबाई म्हणाली, "बघा साहेब, मूळ जरा तरी तुटलं का?"

"न्हाई, बराबर हाय," मी म्हणालो.