कुतैसीच्या मेजावर मुका वीर आणि बोलका वीर यांजमधील युद्धाची हकीकत

साहेबांचे सेवेसी विज्ञापना ऐसी जे, कुतैसी शहरी राजश्री माल्खाज यांचे घरी त्यांचे लेकराचे बाप्तिस्म्याचे पूर्वदिनी जे घनघोर युद्ध जाहले, ते सेवकाने अक्रोड भरलेली वांगी खात समक्ष पाहिले, सबब यथामति लिहितो.

राजश्री माल्खाज आणि राजश्री बद्री हे बालमित्र, आणि उभयता 'काळा किल्ला' नामक व्हिडिओ गेमाचे कदीम चाकर. पहिल्या भागाचा नायक ओर्मान खासा मुका. बायकोचे खुनाचा सूड घेणे आणि तोंड न उघडणे हाच त्याचा कारभार. तिसऱ्या भागाचा नायक फिलिन राक्षसाचे मुंडके उडवितानाही विनोद करी आणि आपल्याच विनोदास आपणच हसे. मधल्या भागाचा नायक दर संकटी रडे, म्हणोन त्यास उभय पक्षी कोणी पुसत नसे. बद्री मुक्याचे पक्षी आणि माल्खाज बोलक्याचे.

मग मेजावर वाद पेटला, आणि बद्रींनी फिलिनास बाजारबुणगा म्हटले, आणि माल्खाजांनी ओर्मानास धोंडा म्हटले, आणि मग बद्रींनी जाहीर केले की बडबड्याच्या भक्ताचे लेकराचा धर्मपिता आपण होणार नाही. उदईक बाप्तिस्मा. ऐन वेळी धर्मपिता बदलणे म्हणजे दोन्ही घराण्यांत जन्माचा दावा. माल्खाजांच्या मातोश्री नानुली पदराआड रडू लागल्या, आणि सेवकासही इतके वाईट वाटले की हातचे वांगे खाली ठेविले.

मेजाचे अधिपती, म्हणजे तमादा, वृद्ध वरलामकाका. पेला कोणाचे नावे उचलावा हा हुकूम तमादाचा, आणि तो मोडणे राजद्रोह. काकांनी कलह अर्धवट ऐकोन समजूत करून घेतली की ओर्मान आणि फिलिन हे या पोरांचे रणी कामास आलेले दोस्त. मग काका उठले, आणि सकळ मेज उठले, आणि काकांनी मृतांचे स्मरणार्थ पावाचे तुकड्यावर मद्य शिंपडोन आज्ञा केली की स्वर्गवासी फिलिनाचे गुणवर्णन बद्रींनी करावे. ऐसा पेला सोपविला असता नकार नाही, आणि मृताची निंदा तर नाहीच.

बद्री लालबुंद जाहले. मग म्हणाले, "फिलिन बडबड्या होता. पण घाबरला की जास्त बोलायचा. माझे वडील गेले तेव्हा हा माल्खाज असाच माझ्याशेजारी बसून बडबडत होता. एक विनोद धड नव्हता. पण उठून गेला नाही."

मग काकांनी ओर्मानाचा पेला माल्खाजांस दिला. "ओर्मान कधी काही बोलला नाही," ते म्हणाले, "पण हाक मारायच्या आधी हजर असायचा. तुझ्यासारखाच, गाढवा."

काकांनी सद्गदित होऊन पुसिले की दोघे कोणत्या लढाईत पडले. बद्री म्हणाले, "मेले बऱ्याचदा, काका. पण परत उठतात." काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि मद्य पिण्याचे मोठे शिंग भरावयास सांगितले.

मग बद्रींनी हळूच पुसिले की सकाळी देवळात किती वाजता यावे. येणेप्रमाणे फत्ते जाहली; रक्त सांडले नाही, मद्य बहुत सांडले. दुसरे दिवशी बद्रींनी लेकरू हाती घेतले, आणि लेकराने त्यांचे दाढीस जी मूठ घातली ती पाद्रीबाबांनी विनंती करूनही सोडिली नाही, हे नमूद असावे.