नऊ बाराच्या गाडीतले प्रवासी

त्या सोमवारी उराबे गावाची नऊ बाराची गाडी खरोखरच नऊ वाजून बारा मिनिटांनी सुटली आणि कियो आजींनी तिच्याशी संबंध तोडले.

एरवी ती नऊ बारा आणि वर चाळीस सेकंदांनी सुटायची. वेळापत्रकात हे चाळीस सेकंद कुठेच नव्हते. आजी एक्याऐंशी वर्षांच्या. फलाटाकडे येणाऱ्या चढावर शेवटच्या वळणाला त्यांना थांबून गुडघ्याची समजूत काढावी लागे. ड्रायव्हर तेत्सुओ इसोगाई तेवढा वेळ दार उघडं ठेवून घड्याळाची काच पुसत बसे. गाडी एका डब्याची आणि बहुतेक दिवशी प्रवासीही एकच, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. पण त्या सोमवारी इसोगाईच्या पाठीमागे कंपनीचा तपासनीस वही घेऊन उभा होता. आजी वळणावरून छत्री हलवत होत्या. इसोगाईने पांढऱ्या हातमोज्यातलं बोट पुढे करून सिग्नल हिरवा असल्याचं मोठ्याने म्हटलं, दार लावलं आणि गाडी मिसाका खिंडीकडे निघाली.

दुसऱ्या दिवशी तो गोड भाताच्या वड्यांचा डबा घेऊन आजींच्या दारात गेला, कमरेत काटकोनात वाकला आणि आपण गाडीच्या आरशात नीट पाहिलं होतं पण त्या दिसल्या नाहीत, असं त्याने सांगितलं. आजींनी डबा घेतला. चहा दिला. शिळोप्याच्या गप्पाही मारल्या. मग उठताना शांतपणे म्हणाल्या, "तेत्सुओ, तुझ्या गाडीत मी आता बसणार नाही."

खिंडीपलीकडे शिरोमिनेला त्यांना रोज गुडघा शेकायला जायचं असे. ते काम त्यांनी टोफूवाल्या ओगुशीच्या व्हॅनवर सोपवलं. त्यालाही रोज तिकडे माल टाकायचा असल्याने अडचण नव्हती.

अडचण झाली ती शुक्रवारी. कंपनीचं पत्र आलं. पुढच्या गुरुवारी नऊ बाराच्या गाडीने खिंड ओलांडणारे प्रवासी मिसाका स्टेशनवर मोजले जातील, आणि ती संख्या पाहून खिंडीवरची रेल्वे बंद करून तिच्याऐवजी बस सोडायची का, ते ठरेल.

ही लाइन शंभर वर्षांपूर्वी खिंडीतलं लाकूड वाहायला बांधली होती. लाकूड संपलं, कोळसेवाले गेले, शाळेतली मुलं मोठी होऊन शहरात गेली आणि गाडीचे डबे चारावरून एकावर आले. तरी गावाला ती हवी होती. तिच्या शिट्टीवर लोक भात चुलीवर ठेवत, कोंबड्या सोडत, आणि कुणी शहाणपणा शिकवायला लागला तर उराबेकर अभिमानाने म्हणत की आमच्या गावाला रेल्वे आहे. तिच्यात बसण्याचा प्रसंग मात्र कुणावर वर्षानुवर्षं आला नव्हता. खिंड ओलांडणारा नेमाचा प्रवासी एकच होता आणि तो आता टोफूच्या व्हॅनमधून जात होता.

गावप्रमुख नुकागा धावत आजींकडे गेले. शेतकी सोसायटीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गाव आपल्यामुळेच जागच्या जागी आहे अशा समजुतीने वागत. आजींनी त्यांनाही चहा दिला. त्यांच्या दिवंगत नवऱ्याने तीस वर्षं याच लाइनचे रूळ ठोकले होते, त्यामुळे लाइन जावी असं त्यांच्या मनात येणंच शक्य नव्हतं. "लाइन राहू दे की," त्या म्हणाल्या. "मी तिच्यात बसणार नाही, एवढंच."

नुकागांनी मग भूकंपाची सूचना देण्यासाठी गावभर लावलेल्या भोंग्यांवरून निवेदन केलं. गुरुवारी प्रत्येक घरातून, शक्य असल्यास, एका माणसाने नऊ बाराच्या गाडीने प्रवास करावा. उराबेत 'शक्य असल्यास' याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. शिवाय शेजारचे ऐनवेळी येणार नाहीत अशी प्रत्येकाला आतून खात्री होती, म्हणून गावाची लाज राखायला जो तो आपल्या घरातली दोघं-तिघं घेऊन आला.

गुरुवारी फलाटावर एकशे त्रेसष्ट माणसं जमली. डब्यात बसायला जागा होती अठ्ठेचाळीस जणांना. इसोगाईने एकवीस वर्षांत एवढी माणसं पाहिली नव्हती. त्याने दार लावायचा तीनदा प्रयत्न केला आणि चौथ्यांदा बाहेरून खांदा लावून ते बंद केलं. मग आपल्या जागेवर जायला त्याला खिडकीतून आत यावं लागलं. लोक एकमेकांच्या पायांवर उभे राहून माफी मागत होते. सगळे आनंदात होते.

खिंडीचा चढ सुरू होईपर्यंत सगळं ठीक चाललं. नोव्हेंबर महिना; झाडांची पानं रुळांवर पडून, चेचून, त्यांचा साबणासारखा लगदा झाला होता. रिकामी गाडी त्याच्यावरून कशीबशी जात असे. भरलेली गाडी निम्म्या चढावर थांबली, चाकं जागच्या जागी फिरली आणि ती हळूहळू मागे घसरू लागली. इसोगाईने ब्रेक मारला, उतरून रुळांवर वाळू टाकली, पुन्हा प्रयत्न केला. वाळू संपली. गाडी पाच हात पुढे गेली आणि सहा हात मागे आली.

शेवटी त्याने ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या गैरसोयीबद्दल मनःपूर्वक क्षमा मागून, अंदाजे साठ प्रवाशांनी उतरावं अशी विनंती केली.

साठ कोण, हा प्रश्न निघाला. सर्वांत जड माणसांनी उतरावं हे उघड होतं, पण ते कुणी कुणाला म्हणायचं? तेव्हा नुकागा गावप्रमुख या नात्याने स्वतः उतरले. प्रमुख उतरल्यावर पंचमंडळाला बसून राहणं शोभेना. पंच उतरल्यावर सामान्य गावकऱ्यांना संकोच वाटू लागला. जागेवर उरले म्हातारे. त्यांत एक्क्याण्णव वर्षांचे मुनेकाता गुरुजी होते. आपण आयुष्यात कुणाला भार झालो नाही आणि आता गाडीलाही होणार नाही, असं म्हणून ते काठी टेकत उतरले. आता गावात जो कुणी लिहायला शिकला होता तो गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. गुरुजी पायी आणि आपण गादीवर, हे कुणाला सहन होणार?

डबा रिकामा झाला. इसोगाई घाबरला. "शंभर जण बसलात तरी चालेल," तो खिडकीतून सांगू लागला. "निदान पन्नास तरी बसा."

लोक एकमेकांना हाताने दाराची वाट दाखवू लागले. आधी तुम्ही. छे, आधी तुम्ही. या आग्रहात सात मिनिटं गेली आणि एकही पाय पायरीवर पडला नाही. गाडीला आधीच उशीर झालेला. नुकागांनी तोडगा काढला की गाडीने वर सपाटीवर जाऊन थांबावं, आपण जंगलातल्या वाटेने आलोच.

रिकामी गाडी टुणकन चढली. सपाटी थेट मिसाका स्टेशनालाच लागत होती आणि त्याआधी थांबवली असती तर पुन्हा घसरली असती, म्हणून इसोगाईने ती थेट मिसाका स्टेशनात नेली. जाताना त्याला आरशात रुळाच्या कडेला उभी असलेली एकशे त्रेसष्ट माणसं गाडीला वाकून निरोप देताना दिसली.

मिसाकाच्या फलाटावर कंपनीने मोजणीला पाठवलेला शिरासे उभा होता. चष्मेवाला, सडपातळ, हातात बोटाने दाबून आकडा वाढवायचं यंत्र. त्याने डब्यात डोकं घालून पाहिलं, दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा पाहिलं.

"प्रवासी एकशे त्रेसष्ट," इसोगाई म्हणाला.

"कुठे आहेत?"

"चालत येतायत."

शिरासेने आपला तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "गाडीने चालत येणाऱ्यांचा रकाना नाहीये यात," तो म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. निदान मला तरी मोजा, म्हणून इसोगाईने विनवलं, पण ड्रायव्हर हा प्रवासी नव्हे असं तळटिपेत स्पष्ट लिहिलेलं होतं. शिरासेने रकान्यात एक सुबक शून्य काढलं. पुढे शिरोमिनेला गाडीची वाट पाहणारे दोन जण होते, त्यामुळे इसोगाईला थांबताही येईना.

तासाभराने गाव फलाटावर पोचलं. मिसाका स्टेशन म्हणजे सहा जणांच्या बाकाची एक शेड आणि एक संडास. शून्याची बातमी ऐकून नुकागा मटकन खालीच बसले. मग त्यांनी विचारलं की एक चाळीसच्या परतीच्या गाडीत सगळे बसले तर? उतारावर घसरायचा प्रश्न येत नाही. शिरासेने पुन्हा तक्ता वाचला आणि शेऱ्याच्या जागेत तसं लिहिता येईल असं कबूल केलं. गावाच्या जिवात जीव आला.

पण एक चाळीसला अजून तीन तास होते आणि खिंडीत वारा सुटला होता. कुणीतरी घरी फोन करून आपण ठीक असल्याचं कळवलं. उराबेत ठीक असल्याचं मुद्दाम कळवणं म्हणजे संकटच. अर्ध्या तासात पहिली मोटार आली. मग दुसरी. वर अडकलेल्या एकेका माणसासाठी मुलगा कामावरून निघाला, सून बाजारातून निघाली आणि जावई परगावाहून. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. रस्ता एका मोटारीपुरता अरुंद. समोरासमोर आलेले दोघं एकमेकांना वाट द्यायला मागे जाऊ लागले, त्यांच्या मागचेही मागे जाऊ लागले, आणि खिंडीच्या इतिहासात पहिल्यांदाच वाहतूक तुंबली.

नुकागांनी सगळ्यांना थांबायला सांगितलं. पण काम टाकून आलेल्या मुलाला मी तुझ्या मोटारीत बसत नाही, असं सांगायचं कसं? प्रत्येक जण नुकागांची क्षमा मागून एकेका मोटारीत बसला. काही घरांतून दोन-दोन मोटारी आल्या, तेव्हा नवरा एकीत आणि बायको दुसरीत, अशी कुणाचंही मन न दुखवणारी वाटणी झाली. शेवटी नुकागांची मुलगी आली आणि तेही गेले.

या गर्दीतच ओगुशीची व्हॅन आजींना घेऊन आली होती. गाव खिंडीत अडकल्याचं ऐकून आजींनी तळलेल्या टोफूत भात भरून दोन टोपल्या आणल्या होत्या. टोपल्या रिकाम्या झाल्या. मुनेकाता गुरुजींना न्यायला कुणी नाही असं दिसल्यावर त्यांना आपल्या जागेवर बसवून आजींनी व्हॅन पाठवून दिली. परत येतो म्हणालेला ओगुशी खाली वळणावर सव्वीस मोटारींच्या मागे अडकला.

एक चाळीसला गाडी आली तेव्हा फलाटावर शिरासे होता आणि आजी होत्या.

इसोगाईने दार उघडलं. आजी बाकावरून हलल्या नाहीत. तो खाली उतरला, टोपी काढली आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. गाडीची वेळ झाली. वेळ टळली. शिरासे घड्याळाकडे बघत होता.

"कियो आजी," इसोगाई म्हणाला, "त्या दिवशी मी तुम्हाला आरशात पाहिलं होतं."

"छत्रीसकट?"

"छत्रीसकट. तपासनीसाला घाबरलो. आणि मग तुमच्या घरी येऊन खोटं बोललो."

आजींनी डोळ्यांना रुमाल लावला. "मेल्या, आधी नाही का सांगायचंस," त्या म्हणाल्या. "दहा दिवस झाले, मला झोप नाही. म्हटलं, वय झालं, वाळून वाळून आता मी आरशातसुद्धा दिसेनाशी झाले."

त्याने हात दिला आणि त्या उठल्या. गाडी अकरा मिनिटं उशिरा सुटली. शिरासेने शेऱ्याच्या जागेत लिहिलं: परतीच्या गाडीत प्रवासी एक.

डिसेंबरात कंपनीचा निर्णय आला. गावसभेत नुकागांनी तो उभं राहून वाचला. पहिल्या पानावर शून्य होतं, त्यांचा आवाज पडला. दुसऱ्या पानावर शिरासेचा आणखी एक तक्ता होता. रेल्वेऐवजी बस सोडायची तर रस्ता मोकळा आहे का, हे पाहायचं कामही त्याच्याकडेच होतं, आणि माणूस चोख. खिंडीत दोन तासांत एकशे अठरा मोटारी, वाहतूक ठप्प. अशा गजबजलेल्या रस्त्यावर बस वेळेवर धावणं अशक्य असल्यामुळे रेल्वे तूर्त चालू ठेवण्यात येत आहे. पुढचे सहा महिने दर गुरुवारी रस्त्यावरची वाहनं मोजली जातील आणि ती कमी झाल्यास फेरविचार होईल.

सभा टाळ्या वाजवत उठली. नुकागांनी सगळ्यांना पुन्हा खाली बसवलं आणि तिथल्या तिथे पाळीपत्रक केलं. दर गुरुवारी प्रत्येक घराने आपली मोटार घेऊन खिंडीत जावं, शक्य असल्यास एकट्याने. आणि रेल्वे वाचवायची असेल तर तिच्यात कुणी पाऊल ठेवू नये, कारण गाडीत बसलेला प्रत्येक माणूस म्हणजे रस्त्यावरची एक मोटार कमी.

मागच्या रांगेत कियो आजींनी हात वर केला. मोटार चालवता येत नाही, तर आपण नऊ बाराच्या गाडीने गेलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं.

नुकागांनी पंचांशी कुजबुजून चर्चा केली. बराच वेळ लागला.

"तुम्ही जा," ते म्हणाले. "पण वाटेत कुणी भेटलं, तर चल म्हणून आग्रह करू नका."