मफिनच्या पिठावरचं फडकं

विनिफ्रेड त्या दिवशी गप्प बसली असती, तर मी मफिनच्या वाटेला गेलेच नसते. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, क्लिफर्डला, मैदा बंद करून कोंड्यासकटचं पीठ खायला सांगितलं. परसात कपडे वाळत घालताना मी भिंतीपलीकडच्या विनिफ्रेडला एवढंच म्हणाले, की आता मफिन घरीच करायचे, तेही कोंड्यासकट. (मफिन म्हणजे कागदाच्या वाटीतला गोड केक असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आमच्या गल्लीत मफिन म्हणजे तव्यावर भाजलेला गोल, चपटा पाव.)

"तुझ्या हातचे? कौलं होतील गं मर्टल," ती म्हणाली. "बरंच आहे म्हणा, तुमच्या छपराची चार उडालीच आहेत."

"रविवारी चॅपेलच्या चहाला डझनभर आणते. मऊ निघाले तर किल्ली माझी."

किल्ली म्हणजे चॅपेलच्या स्वयंपाकघराची. अकरा वर्षं ती विनिफ्रेडच्या एप्रनच्या खिशात होती. चहा किती कडक, लोणी किती जाड, कुणाला केकचा दुसरा तुकडा, सगळं तिनेच ठरवायचं. मी अकरा वर्षं कपबशा पुसत होते.

"आणि कौलं निघाली तर?"

"तर आणखी अकरा वर्षं पुसेन. चकार शब्द न काढता."

विनिफ्रेडने हातातला चिमटा खाली ठेवला. "चकार शब्द न काढता? तू?" मग म्हणाली, "लागली पैज."

गुरुवारी पहिला घाणा घातला. यीस्ट, कोमट दूध, पीठ मळलं, ओल्या फडक्याने झाकलं. पिठाच्या पिशवीवर लिहिलं होतं, दीड तास हात लावू नये. आता मला सांगा, स्वतःच्या घरात स्वतःच्या पिठाकडे बघायची चोरी? मी दर पाच मिनिटांनी फडकं उचलत होते, बोटाने दाबत होते. (आत काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. गल्लीत तेरा घरं आहेत, कुणालाही विचारा.) पीठ जरा फुगलं की मी दाबायची, की ते बसायचं. तव्यावरून उतरलं ते क्लिफर्डने चावून पाहिलं आणि आरशात दात बघायला गेला. तो मफिन मागचं दार आपटू नये म्हणून दाराखाली सारला. शुक्रवारच्या घाण्यात पुढच्या दाराची सोय झाली.

"विकतचे आण आणि आपलेच म्हणून सांग," क्लिफर्ड म्हणाला.

"मेले तरी नाही."

शनिवारी अकरा वाजता तिसरं पीठ झाकलं आणि पलीकडे विनिफ्रेडच्या स्वयंपाकघराचा पडदा सरकला. तो पडदा मी उघडा कधी पाहिलाच नव्हता. परसात भिंतीपाशी बादली उलटी घातली आणि चढले. आत विनिफ्रेड कपाटातून डबा काढी, झाकण उघडून हुंगी, मान हलवी, परत ठेवी. मग दुसरा डबा. एका डब्यापाशी तर तिने चष्मा लावला. तिच्या हातच्या मफिनचं गुपित आता कळेल, मग कळेल, करता करता साडेबारा झाले. धावत घरात आले, तर भांड्यावरचं फडकं टम्म वर आलेलं.

रविवारी चॅपेलमध्ये मफिन काट्याने उकलले. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पाद्रीबुवांनी चार खाल्ले आणि पाचव्याकडे बघत राहिले. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हाताला गुण लागतो. तो काहींना असतो, काहींना नसतो."

विनिफ्रेडने खिशातून किल्ली काढली. "खरंय बाई. हात पिठापासून लांब राहिला, हाच गुण. दीड तास रिकामे डबे काढून आणि ठेवून माझा खांदा भरून आलाय. तुझा क्लिफर्ड सांगायला आला होता, हिला तेवढी भिंतीवर अडकवून ठेव म्हणून."

क्लिफर्ड लोणी लावण्यात फारच गढून गेला होता.

"पण मग पैज तर तूच हरलीस," मी म्हणाले.

"हरू नको तर काय करू? तू शेजारी उभी राहून अकरा वर्षं गप्प कपबशा पुसणार. मला करमलं असतं का इथे?"

किल्ली मी घेतली. का नाही घ्यायची? पीठ माझं, तवा माझा, बादलीसुद्धा माझीच. मफिन मीच केले, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगेन.

आता दर शनिवारी पीठ झाकलं की मी परसात जाते, बादली उलटी घालते आणि भिंतीवरून हाक मारते, "विनिफ्रेड, पडदा."