पह्यले आग दाखवा

माझे सासरे मधुकरराव मेश्राम हॉटेलात गेले की टेबलावर बसत नाहीत. सरळ स्वयंपाकघरात शिरतात.

"पह्यले आग दाखवा," असं ते वेटरला सांगतात. वेटर नवा असेल तर त्याला वाटतं, कुठेतरी आग लागली आहे. जुना असेल तर तो बाजूला होतो. नागपुरात सदर भागातल्या दोन-तीन हॉटेलांतून ते आत आले की आचारी आपोआप झाकण उघडून धरतात.

त्यांची सगळी नोकरी खापरखेड्याच्या वीज केंद्रात, बॉयलरपाशी गेली. त्यामुळे ज्वाला पाहिल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही, अशी त्यांची सवय. आमच्या साखरपुड्याच्या जेवणातसुद्धा ते अर्धा तास गायब होते. सापडले तेव्हा आचाऱ्याला रश्श्यावर तेलाची तर्री कशी सुटते ते समजावत होते. मग बाहेर येऊन माझ्या वडिलांना म्हणाले, "जेवण ठीक हाये. भाजी पाणचट हाये." जेवण माझ्या वडिलांनी ठेवलं होतं. आमचं घर पुण्याचं. वडिलांना पुढचे काही दिवस तो 'पाणचट' पचला नाही.

चव बिघडली असेल तर ती ज्याने बिघडवली त्याला तोंडावर सांगायची, हा त्यांचा धर्म. लग्न असो, बारसं असो. पत्नी, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर त्या मागून शर्ट ओढायच्या. त्या गेल्यावर शर्ट ओढणारं कोणी राहिलं नाही.

मागच्या वर्षी सुजाताने, म्हणजे माझ्या बायकोने, हट्टाने त्यांना आमच्याकडे जपानला आणलं. आम्ही नागोयाजवळच्या एका लहान गावात राहतो. पहिले काही दिवस ते खुशीत होते. नंतर गप्प झाले. इथे हॉटेलात आत शिरता येत नाही आणि शिरलं तरी भांडायला भाषा नाही.

तेवढ्यात स्टेशनजवळ, जिथे आधी रामेन नूडल्सचं दुकान होतं, तिथे एक पाकिस्तानी हॉटेल उघडलं. शनिवारी सुजाता कामावर होती, म्हणून दुपारी मी तिच्या बाबांना तिथे जेवायला घेऊन गेलो. आत एकही गिऱ्हाईक नव्हतं. मालक दारातच उभा होता. रशीद नाव, फैसलाबादचा, पन्नाशीकडे झुकलेला. जुन्या गाड्या विकायचा धंदा सोडून त्याने हे काढलं होतं.

"पहले आग दिखाव," बाबा म्हणाले आणि काउंटरच्या मागे गेले.

"बाबाजी, अंदर बहुत गर्मी है," रशीद त्यांच्या मागे धावला.

"हमारी पूरी जिंदगी बॉयलर के सामने गयी. ये क्या गर्मी है."

आत आचारी नव्हता. ठरलेल्या आचाऱ्याचा व्हिसा अडकला होता, म्हणून रशीद स्वतःच रांधत होता. त्याला रांधता येत नव्हतं. फैसलाबादेतली बायको फोनवरून पातेलं बघायची आणि सांगायची, आता मिरची टाक, आता गॅस बारीक कर. आज ती कुणाच्या लग्नाला गेली होती आणि फोन उचलत नव्हती. हे सगळं त्याने बाबांना खाली मान घालून सांगितलं. बाबा मुकाट्याने येऊन टेबलावर बसले.

मटण आलं. मी एक घास घेतला आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता हे काय बोलतात, आणि मी ते कसं सावरणार, याची जुळवाजुळव मनात सुरू केली.

बाबा बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "बढिया है. थोडा और देव."

रशीदने आणखी वाढलं.

"अब तुम भी ताट लेके बैठो."

"मैं बाद में खा लूँगा, बाबाजी."

"बाद में कुछ नहीं. बैठो."

रशीद संकोचत बसला. दोघांनी पातेलं संपवलं.

घरी येताना मी विचारलं, "बाबा, मटण कसं होतं?"

"चपलीसारखं होतं."

"मग सांगितलं नाहीत ते?"

बाबा सिग्नलपाशी थांबले. रस्ता रिकामा होता, पण दिवा लाल होता.

"तुमची सासू गेली तवापासून मी घरी काय खाऊन राहिलो, तुमाले कुठं माहीत हाये जवाईबापू. ताटच नाही घेत. गॅसपाशी उभा राहतो अन् कढईतूनच खातो." दिवा हिरवा झाला. "सुजाताले सांगू नका. ते उगीच रडन."

मी सांगितलं नाही.

त्यानंतर बाबा रोज दुपारी बागेत फिरायला जाऊ लागले. परत यायला तीन-साडेतीन व्हायचे. सुजाताला बरं वाटलं. एका बुधवारी मी ऑफिसातून लवकर निघालो आणि स्टेशनवरून येताना त्या हॉटेलाच्या काचेतून आत बघितलं. खिडकीजवळच्या टेबलावर बाबा आणि रशीद समोरासमोर जेवत होते. रशीदच्या ताटातली पोळी संपली तशी बाबांनी आपल्यातली अर्धी तोडून त्याच्या ताटात ठेवली.

मी आत गेलो नाही.

संध्याकाळी चहा देताना सुजाताने विचारलं, "काय बाबा, आज बागेत कोण भेटलं?"

"होता एक जण," बाबा म्हणाले. "आपल्याकडचा."