दोरीवरची निळी साडी

पवनीतल्या त्या दोन खोल्यांत सकाळचा प्रकाश कधी घाईने आला नाही. आधी तो परसातल्या शेवग्याच्या शेंड्यावर रेंगाळे, मग कौलांच्या फटीतून बारीक रेघ होऊन भिंतीवर उतरे, आणि सर्वांत शेवटी दोरीवरच्या ओल्या निळ्या साडीतून गाळून निघत जमिनीवर पाण्यासारखा पसरे. संघपाल त्या निळ्या उजेडात पाय बुडवून चहा पीत बसे. साडी त्याच्या बायकोची, रीनाची होती. रीना मात्र अड्याळला, माहेरी होती, आणि या गोष्टीला आता बरेच दिवस झाले होते.

शेजारी राहणारी घरमालकीण बायजाबाई दोरीवरून घराची खबर घेई. दोरी रिकामी दिसली तर ती विचारणार, आणि उत्तर देणे संघपालच्या स्वभावातच नव्हते. म्हणून रीनाची मागे राहिलेली ती एकुलती साडी तो रोज पहाटे भिजवून, पिळून वाळत घाली.

एका साडीवर मात्र खोटे भागेना. रीना हाकेला ओ देत नाही, बाहेर दिसत नाही, तेव्हा पोरीला दिवस गेले असावेत, असे बायजाबाईने ठरवले आणि चिंचेची चटणी पाठवली. संघपालने ती खाऊन वाटी घासून परत केली. चाटूनपुसून रिकामी झालेली वाटी पाहून बायजाबाईची खात्रीच पटली. गल्लीतल्या बायका त्याचे अभिनंदन करू लागल्या. तो लाजून मान खाली घाली, आणि तेवढे त्यांना पुरे.

मग बायजाबाई अड्याळच्या बाजाराला गेली. तिथे रीना वांगी निवडत होती. घाबरून बायजाबाई तशीच परतली, तर इकडे दोरीवर साडी वाळत होती. त्या दिवसापासून ती परसाकडे पाठ करून भांडी घासू लागली.

संघपाललाही आताशा संध्याकाळी दारात थबकायला होई. वाऱ्याने साडी फुगे, खांद्यापाशी गोलाई धरी. एकदा तर तो तिला हलकेच "आलो" म्हणाला.

एके दिवशी त्याला उशिरा जाग आली. जमिनीवर निळा उजेड आधीच पसरला होता. बाहेर पाणी ठिबकत होते. साडी त्याने धुतलीच नव्हती.

त्याने दोन कप चहा केला. परसात आला. साडीखाली दोन पाय दिसत होते.

"मीच धुतली, बाबू," पलीकडून बायजाबाई म्हणाली. बाजूला होऊन तिने एक कप सरळ हातातून घेतला. "काल बाजारात पुन्हा दिसली रीना. या खेपी हात धरून पाह्यला तिचा. गरम होता."

"काय म्हणाली?"

"म्हणे, दोन खोल्यांत बोलनारी मी एकटीच होतो, मावशी. अन् म्हणे, साडी पाठवून द्या. वाळली का मीच नेऊन देतो तिले."

"येनार आहे ती," संघपाल म्हणाला. "कधी ते मी विचारलं नाही, पन जाताना 'येतो' म्हणाली होती ती."

"'येतो' तं सारेच म्हणतेत, बाबू. अंगनातून पाय काढताना 'जातो' कोन म्हणते?" ती थांबली. "खरंच म्हणाली होती का?"

संघपालने साडीचा काठ उगाच सरळ केला.

रीना "जातो" म्हणाली होती.