पिरिडिनचा बदलीचा अर्ज

सोमवारी सकाळी रेझिन प्लँटमधल्या पिरिडिनने बदलीचा अर्ज दिला. अर्ज रीतसर होता. डावीकडे समास सोडलेला, खाली ड्रमचा नंबर.

पिरिडिन म्हणजे दिसायला पाण्यासारखं, वासाला सडक्या मासळीसारखं. त्यात कच्चा माल छान विरघळतो, आणि रेझिन बनताना जे आम्ल सुटतं ते पिरिडिन आपल्या अंगावर घेतं. मग त्याला कॉस्टिक सोड्याने धुवायचं, उकळायचं, वाफ थंड करून परत ड्रममध्ये भरायचं, की पुढच्या बॅचला तयार. असं बारा वेळा झालं की बदली मागता येते. त्याने मागितली होती स्पिरिटच्या कारखान्यात.

अर्ज शिफारशीसाठी शिफ्ट केमिस्ट वैजयंता रसाळ यांच्याकडे आला. पंचाईत अशी, की त्यांचा स्वतःचा लॅबमध्ये बदलीचा अर्ज सहा वर्षं पडून होता आणि प्लँटमधून वर्षाला एकच बदली होई. बसमध्ये त्यांच्या शेजारची सीट कायम रिकामी राही. "ऐसपैस बसायला मिळतं," असं त्या घरी सांगत.

मॅनेजर ताम्हणकर म्हणाले, "बाई, त्याला समजवा. अर्ज मागे घेऊ दे. तुमची ऑर्डर आजच काढतो."

वैजयंताबाई ड्रमपाशी स्टूल ओढून बसल्या.

"का हो, कंटाळलात?"

"कंटाळा नाही. पण नाव होतं रेझिनचं. पोत्यावर माझा कुठे उल्लेख असतो?"

"माझाही नसतो."

"तुम्हाला उकळत नाहीत."

हे खरं होतं. बाईंनी विषय बदलला. "स्पिरिटमध्ये काय काम असतं?"

"कुणी पिऊ नये म्हणून नुसता वास द्यायचा. बास."

"तो तर मीही देते."

"तो माझाच आहे, बाई. बॅचची वही काढा."

बाईंनी वही काढली. पिरिडिनच्या नावापुढे बारा निळ्या रेघा होत्या. त्यांच्या नावापुढे एकही नव्हती. एखादी ओढून टाकावी असं मनात आलं, पण पेन लाल निघालं आणि निळं आणायला उठायचा त्यांना कंटाळा आला. त्यांनी लाल पेनानेच अर्जावर लिहिलं, 'ज्येष्ठतेनुसार शिफारस.' प्रामाणिकपणा म्हणतात तो हाच असावा, असं त्यांना वाटलं.

अर्जाच्या तळाशी एक रकाना होता: कार्यभार कोणाकडे. तिथे त्यांचंच नाव लिहिलेलं होतं.

"अहो, विचारायचं तरी!"

"तुम्ही नाही म्हटलं असतं?"

बाईंनी थोडा विचार केला आणि पेनाला टोपण लावलं.

मंगळवारी निरोप समारंभ झाला. ड्रमला शाल घातली, झाकणावर नारळ ठेवला. ताम्हणकर दोन शब्द बोलले, तेही नाकावर रुमाल धरून. टेम्पो गेला.

बुधवारी बॅच लागली. साडेअकराला आम्ल सुटायला लागलं, ते वैजयंताबाईंनी अंगावर घेतलं. दुपारी त्यांना कॉस्टिकने धुतलं, उकळलं, थंड केलं. रेझिन उत्तम आलं.

"चौऱ्याण्णव टक्के परत मिळाल्या," ऑपरेटर म्हणाला.

"छान," ताम्हणकर म्हणाले. "सहा टक्के जातातच."

वैजयंताबाईंनी केस पुसले, निळं पेन शोधलं आणि वहीत आपल्या नावापुढे एक रेघ ओढली. मग सव्वापाचची बस पकडली. शेजारची सीट रिकामीच होती. त्यांनी तिच्यावर पर्स ठेवली आणि अकरा बॅच म्हणजे साधारण किती महिने, ते बोटांवर मोजायला घेतलं.