बाबागाडीचा बाप

"ट्रॅव्हल सिस्टीम? म्हणजे पोर जन्मल्या जन्मल्या जाणार तरी कुठं?" जयवंतीबाईंनी विचारलं.

प्रफुल्लने लॅपटॉप आईकडे वळवला. "अगं, ही नुसती बाबागाडी नाही. खाली चाकं, वर बसायची सीट, आणि ही वेगळी सीट कारमध्ये बसवायची. बाळ झोपलं असलं तरी सीटसकट उचलायचं आणि खटकन चाकांवर ठेवायचं. त्याला पत्तासुद्धा लागत नाही."

"तू कडेवर वाढलास. काही बिघडलं नाही तुझं."

"म्हणून तर तुमची कंबर गेली ना, आई," आठवा महिना लागलेली श्वेता आतून म्हणाली.

प्रफुल्ल मस्कतच्या एका बांधकाम कंपनीत एस्टिमेटर होता. मैलभर लांबीच्या पुलाच्या खर्चाचा अंदाज आठवडाभरात काढणारा हा माणूस बाबागाडीवर तीन महिने अडून बसला होता. चाकं तीन बरी की चार? बाळाचं तोंड आईकडे असावं की जगाकडे? एका हाताने मिटते म्हणतात, पण दुसऱ्या हातात बाळ असताना मिटते का? हे तपासायला तो मॉलमधल्या दुकानात पाच किलोची बासमतीची पिशवी घेऊन जाई, तिला पट्ट्यांनी नीट बांधी आणि फेऱ्या मारी. एकदा एका बाईंनी कौतुकाने आत वाकून पाहिलं आणि तांदूळ दिसल्यावर त्या घाईघाईने निघून गेल्या. तिथली सेल्सगर्ल श्यामला तर तो दारात दिसला की गोदामात काम काढायची.

अखेर निवड झाली. सेलचा शेवटचा दिवस उरला होता, आणि नेमकं तेव्हाच जयवंतीबाईंनी पाय रोवले.

"घ्यायची तर घे. पण श्वेता मोकळी होईस्तोवर या घरात आणायची नाही. आणि बाळाचं अजूनही बाहेर कुणाला बोलायचं नाही. ऑफिसात तर मुळीच नाही. दृष्ट लागते."

"अगं, पण ठेवू कुठं?"

"ते तुझं तू बघ. एवढे पूल बांधतोस."

प्रफुल्ल गेला यशवंतरावांकडे. यशवंतराव त्याच्या शेजारच्या टेबलावरचे दुसरे एस्टिमेटर, पंचेचाळिशी ओलांडलेले, हमरियात राहणारे. मुलगा पुण्याला इंजिनिअरिंग शिकत होता, त्यामुळे घरात जागा होती. प्रफुल्लने त्यांना आणि नंदावहिनींना गणपतीची शपथ घातली आणि सगळं सांगितलं. "आण रे खुशाल," वहिनी म्हणाल्या, "कुणी विचारलं तर माझ्या तोंडून एक शब्द निघणार नाही." दुर्दैवाने वहिनी शब्दाला जागणाऱ्या निघाल्या.

त्यांचे मॅनेजर मुनीरभाई मूळ खेडचे. राहायला लांब अल खौदला, पण शिंप्याच्या कामासाठी एका शुक्रवारी हमरियात आले आणि चहाला यशवंतरावांकडे चढले. हॉलमध्ये छतबित लावून बाबागाडी उभी होती. मुनीरभाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग नंदावहिनींकडे.

"वहिनी, हे काय?"

शपथ आठवून वहिनी लाल झाल्या. "आधी सगळं नीट पार पडू दे, भाईसाहेब. मग सांगू." यशवंतराव वर पंख्याकडे बघत बसले. मुनीरभाईंना जे समजायचं ते समजलं. "माशाल्ला," ते म्हणाले आणि कौतुकाने दुसरा कप मागून घेतला.

यातलं प्रफुल्लच्या कानावर काहीच आलं नव्हतं. पुढच्याच आठवड्यात मुनीरभाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. साल दोन हजार सोळा. तेलाचे भाव गडगडले होते आणि रोज कुणाचा ना कुणाचा निरोपसमारंभ चालू होता.

"बस, प्रफुल्ल. अर्बाबचा हुकूम आहे, मालकच म्हणतोय, एस्टिमेशनमधून एक माणूस कमी करायचा. तू नाही तर यशवंत. आता बघ, तू तरुण आहेस, डोक्यावर काही जबाबदारी नाही. यशवंतच्या घरी या वयात पाळणा हलणार आहे. त्याला कसा काढू? तूच सांग."

"यशवंतरावांच्या घरी पाळणा?"

"अरे, बाबागाडी माझ्या डोळ्यांनी बघितली मी!"

प्रफुल्लच्या तोंडचं पाणी पळालं. नोकरी गेली की व्हिसा गेला. आठव्या महिन्यातल्या श्वेताला विमानात कोण घेणार, आणि इथं राहायचं तरी कशाच्या जोरावर? आईची ताकीद, गणपतीची शपथ, सगळं विसरून तो ओरडला, "मुनीरभाई, ते बाळ माझं आहे!"

मुनीरभाई उठले, दार लावून आले आणि हळूच खुर्चीत बसले.

"काय बोलतोस तू?"

"खरं तेच सांगतोय. आईला आमच्या घरात चालत नव्हतं, म्हणून यशवंतरावांकडे ठेवावं लागलं."

"म्हणजे यशवंतला माहीत आहे?"

"त्यांना विचारूनच केलं ना सगळं! वहिनी तर म्हणाल्या, खुशाल आण."

"तौबा!" मुनीरभाईंनी कानाला हात लावला. "आणि तू त्यांच्याकडे जायचास?"

"रोज संध्याकाळी. एकदा बघून आल्याशिवाय चैनच पडत नाही. यशवंतराव घरी नसले तरी वहिनी दार उघडतात. फार चांगल्या आहेत."

"तुझ्या बायकोला तरी..."

"श्वेताला सगळं ठाऊक आहे. रंगसुद्धा तिनंच पसंत केला."

मुनीरभाई घटाघटा पाणी प्यायले. रंगाचं काय करावं ते त्यांना कळेना, तेव्हा तो त्यांनी सोडून दिला.

"हे बघ," ते म्हणाले, "उद्या यशवंतला काढलं आणि पोर त्याचं निघालं तर? तुला काढलं आणि तुझं निघालं तर? हे पाप मी डोक्यावर घेणार नाही. दोघंही राहा. स्टोअरमध्ये माझा मेहुणा तीन वर्षं झोपा काढतोय, त्यालाच पाठवतो. खलास. पण हमरियाला जाणं आजपासून बंद."

'पोर त्याचं निघालं तर' हे आत्ता कुठं प्रफुल्लच्या डोक्यात शिरलं आणि त्याला घाम फुटला. खुलासा करायला त्याने तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. पण त्या वाक्याने यशवंतरावांच्या घरचा पाळणा नाहीसा झाला असता आणि ते काढायच्या यादीत गेले असते. अशा भल्या माणसाच्या पोटावर पाय आणायचा? शिवाय आपली नोकरीही वाचतेच आहे, हा विचार त्याने मनात जरा मागच्या बाजूला ठेवला. त्याने तोंड मिटलं आणि नुसतं "इन्शाल्ला" म्हणून बाहेर आला.

महिन्याभराने श्वेताला मुलगी झाली. आई आणि लेक सुखरूप दार्सैतच्या घरी आल्यावर यशवंतराव आणि नंदावहिनी बाबागाडी घेऊन आले. जयवंतीबाईंनी तिच्या चाकांवरून पाणी ओवाळलं आणि दांड्याला काळा दोरा बांधला. श्वेता बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, वहिनी स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. प्रफुल्ल सगळ्यांना ब्रेक कसा लागतो ते दाखवत होता. इतक्यात दारात मुनीरभाई उभे राहिले.

"मीच घेऊन आलो त्यांना," यशवंतराव म्हणाले. "गाडी लावून येत होते."

मुनीरभाईंनी श्वेताच्या मांडीवरचं बाळ पाहिलं. बाळाला 'अले अले' करणारे यशवंतराव पाहिले. चहाचा ट्रे घेऊन येणाऱ्या नंदावहिनी दिसताच ते पुढं धावले.

"वहिनी, तुम्ही बसा! ओल्या बाळंतिणीनं चहा करायचा नसतो!"

ट्रेमधले कप खळखळले. मुनीरभाईंचे डोळे भरून आले होते. ते श्वेतापुढे हात जोडून उभे राहिले.

"ताई, पुष्कळ माणसं बघितली, पण तुमच्याएवढं मोठं मन नाही बघितलं. नवऱ्याचं पोर पदरात घेतलंत, वर वहिनींना घरातही घेतलंत. अल्ला तुमचं भलं करो."

श्वेताने नंदावहिनींकडे पाहिलं, वहिनींनी यशवंतरावांकडे पाहिलं, आणि मग सगळ्यांनी मिळून प्रफुल्लकडे पाहिलं. जयवंतीबाईंच्या हातातलं पाण्याचं भांडं तसंच राहिलं.

"पदरात घेतलं म्हणजे?" श्वेता एकेक शब्द तोडत म्हणाली. "अहो, हे काय म्हणतायत?"

"सांगतो. आलो की सांगतो," प्रफुल्ल म्हणाला. "तोवर मी बाळाला जरा फिरवून आणतो."

त्याने बाबागाडीचा ब्रेक सोडला, ती दाराबाहेर काढली आणि लिफ्ट गाठली. तीन महिने घासून निवडलेली ती गाडी लोण्यासारखी चालली. दार्सैतच्या रस्त्यावर बरंच पुढं गेल्यावर त्याने कौतुकाने छत मागं सारलं, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बाळ श्वेताच्या मांडीवरच राहिलंय.